उजवा काटा

मला वाट बघता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात मी चक्क तीन दिवस वाट बघितली आणि त्याचं आमच्या घरात अजून नवल करतात. माझं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक तक्त्यावरची तिसरी ओळ वाचत असतं तोवर मी त्याचा नंबर सांगून मोकळी झालेली असते. बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

तर आत्या. बाबांची धाकटी बहीण, वय एकाहत्तर, चणीने लहान आणि नाकावर राग. ती कायमची मुलाकडे राहायला निघाली होती, विमानाने जावं लागतं इतक्या लांब. जायला नऊ दिवस उरले असताना, एका शनिवारी, ती दुकानात आली. काउंटरवर एक चौकोनी पाकीट ठेवलं आणि म्हणाली, "हे तुझ्याकडे ठेव, नाहीतर टाकून दे. मला बॅगेच्या वजनात बसत नाही."

पाकिटावर भिंतीवरच्या घड्याळाचं चित्र होतं. मी ते बघितलं आणि माझे कान गरम झाले.

"आत्या, ही तुझी रेकॉर्ड."

"माझी कसली. कारखान्याची."

ती रेकॉर्ड बाजारात कधी आलीच नव्हती. लग्नाआधी आत्या घड्याळांच्या कारखान्यात पॅकिंगला होती. कारखान्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा तिथल्या कामगारांच्या वाद्यवृंदाने चार गाणी बसवली, खऱ्याखुऱ्या स्टुडिओत जाऊन रेकॉर्ड केली आणि तीनशे प्रती काढून घड्याळवाल्या दुकानदारांना वाटल्या. एक प्रत आत्याला मिळाली, कारण पहिल्या गाण्यात ती गायली होती. म्हणजे तसं ती म्हणाली होती. एक पुरुष विचारतो, 'सांग सखे, किती वाजले?' आणि ती उत्तर देते. असं तीन वेळा. तीनच ओळी, पण तिच्या एकटीच्या.

मी तेव्हा सहा वर्षांची होते. रेकॉर्ड ऐकायला बाबा, काका, दोन्हीकडची बायकापोरं अशी सगळी आमच्या पुढच्या खोलीत जमली. आत्या जमिनीवर, रेकॉर्ड प्लेअरला अगदी खेटून, गुडघे उभे करून बसली होती. गाणं सुरू झालं. पुरुषाचा आवाज छान होता. 'सांग सखे, किती वाजले?' आत्याने बोट वर केलं, म्हणजे आता ऐका. आणि काहीच आलं नाही. मागचा ठेका तेवढा टिकटिक करत राहिला आणि तो पुरुष पुढच्या ओळीवर गेला. दुसऱ्या वेळीही तेच. आत्याचं बोट तसंच वर होतं. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, किती वाजले, आणि ती मोकळी जागा आली, तेव्हा मी मोठ्याने तीन टाळ्या वाजवल्या. तीन वाजले.

सगळे हसले. काकांना तर ठसका लागला. बाबा डोळे पुसत म्हणाले, "तुझा आवाज कापलेला दिसतोय गं त्यांनी." आत्याही हसली, पाणी आणते म्हणून आत गेली, आणि पाणी काही आलं नाही.

आम्हा पोरांना त्या दिवसापासून खेळच मिळाला. गाण्यात ती जागा आली की कुणी पाच वाजवायचं, कुणी बारा. आत्या लग्न होऊन जाताना रेकॉर्ड घेऊन गेली तोवर आम्ही टाळ्या पिटत होतो. ती मात्र पुन्हा कधी गायली नाही. कारखानाही तिने महिन्याभरात सोडला. वाद्यवृंदाच्या मास्तरांना जाऊन एकदा विचारलं असतं, की माझा आवाज का कापला, तर काय ते कळलं असतं. पण आमच्या घरात विचारायची पद्धत नाही. आम्ही मनाशी काहीतरी ठरवतो आणि चाळीस-चाळीस वर्षं त्यावर ठाम राहतो.

"जायच्या आधी एकदा ऐकायची नाही का?" मी विचारलं.

"कशावर ऐकायची? आणि काय ऐकायचं, तुझ्या टाळ्या?"

ती हसतच म्हणाली. पण म्हणजे टाळ्या कुणी वाजवल्या होत्या ते तिच्या लक्षात होतं. मला ते फार लागलं. ती दुकानाच्या पायऱ्या उतरायच्या आत मी ठरवून टाकलं की ही जायच्या आधी आजोबांचा जुना रेकॉर्ड प्लेअरचा सेट चालू करायचा, तिला शेजारी बसवायचं, स्वतःचे हात मांडीखाली दाबून ते गाणं शेवटपर्यंत ऐकायचं आणि तिची माफी मागायची. एवढंच डोक्यात होतं.

सेट बाबांच्या कपाटावर होता, चादरीत गुंडाळलेला. बाबा माझ्याकडेच असतात. एकोणऐंशीचे आहेत, आणि मी स्टुलावर चढलेली दिसताच कुठल्याही खोलीत असले तरी येऊन खाली उभे राहतात, जणू मी पडले तर झेलणार आहेत.

"कशाला काढतेस? शॉक बसेल."

"बसू दे."

"पट्टा गेलाय त्याचा."

"पट्टा मिळतो, बाबा."

रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर अशा तीन वस्तू खाली आल्या. स्पीकर एकच. दुसरा काकांकडे, आणि त्याचं कारण सांगायला हवं, नाहीतर कुणाचा विश्वास बसणार नाही. आत्याची रेकॉर्ड यायच्या आधीच आजोबा गेले आणि दोन्ही भावांची वाटणी झाली. भांडण नव्हतं, उलट दोघेही इतके काटेकोर की बघणाऱ्याला घाम फुटावा. सहा खुर्च्या तीन-तीन, बारा चमचे सहा-सहा. सेटपाशी येऊन गाडी अडली. शेवटी वाटणी करायला बसलेले बाबांचे मामा म्हणाले, डबे दोन आहेत, दोन्हीतून आवाज एकच येतो, मग एकेक घ्या. आजोबांच्या जुन्या रेकॉर्डींच्या बाबतीत ते खरंही होतं. बाबांकडे यंत्रं आणि डावा डबा आला. काकांकडे उजवा डबा आणि यंत्रांच्या बदल्यात शिवणयंत्र. मामांनी डब्यांच्या पाठीवर रंगाने 'थो' आणि 'धा' असं लिहूनसुद्धा ठेवलं, थोरला आणि धाकटा.

रविवारी मी सगळं रेडिओवाल्या बाईंकडे नेलं. त्यांचं दुकान माझ्यापासून तिसरं. नवरा गेल्यावर त्यांनी त्याची तारांना डाख द्यायची सळई आणि त्याची गिऱ्हाइकं दोन्ही ताब्यात घेतली, आणि आता त्यांच्या हाताखालून गेलेलं यंत्र परत येत नाही. त्या फार बोलत नाहीत. मला चष्मेवाली म्हणतात. त्यांचा जवळचं बघायचा चष्मा मीच करून दिला आहे, त्यामुळे त्यांना मला हाकलता येत नाही.

"कधीपासून बंद?" त्यांनी विचारलं.

"तीस वर्षं तरी."

"आणि हवाय कधी?"

"परवा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि माझ्या हातात एक पेचकस दिला. म्हणजे तूही लाग कामाला.

असे चार दिवस माझ्या आयुष्यात पुन्हा येतील की नाही माहीत नाही. दुकान उघडायच्या आधी दोन तास, जेवायच्या सुट्टीत, आणि दुकान बंद केल्यावर पुन्हा. रेकॉर्ड प्लेअरची थाळी उचलली तर खाली थाळी फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. तो मी कापूस आणि स्पिरिटने खरवडला, माझी नखं काळी झाली आणि दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने विचारलं, बाई, गॅरेज काढलं का. जुनं ग्रीस इतकं घट्ट झालं होतं की थाळीची दांडी बोटाने फिरेना. साफ करून दोन थेंब तेल सोडलं आणि थाळी हाताने ढकलली, तर ती फिरतच राहिली, फिरतच राहिली, मी पन्नासपर्यंत मोजलं. बाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "थाळीच आहे, फिरणारच." पण त्यांनीही काम थांबवून बघितली.

सुई मी माझ्या दुकानातल्या भिंगाखाली धरली. टोक एका बाजूने झिजलेलं. बाईंच्या खणात नवी सुई सापडली, त्यांच्या नवऱ्याच्या अक्षरातल्या चिठ्ठीसकट. बाबा रोज दुपारी चहाचा थर्मास घेऊन येत आणि आपल्याला काही देणंघेणं नाही असं दाखवत स्टुलावर बसून राहत. ॲम्प्लिफायर उघडला तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही.

"तो मोठा दिसतोय तो काय?"

"कंडेन्सर," बाई म्हणाल्या. "म्हातारा झालाय. फुगलाय. बदलते."

बुधवारी संध्याकाळी पहिल्यांदा वीज दिली. बाईंनी ॲम्प्लिफायर थेट जोडला नाही, मध्ये एक साधा बल्ब घातला. बल्ब लख्ख पेटून राहिला तर आत काहीतरी जळतंय, पेटून मंदावला तर सगळं ठीक. त्यांनी बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. बाबा उठून उभे राहिले. मग तो हळूहळू पिवळा, मग तांबूस, मग जवळजवळ विझला, आणि यंत्राच्या तोंडावर एक छोटा हिरवा दिवा लागला. बाबांनी बाईंना नमस्कार केला. बाईंना काय करावं कळेना, त्यांनी थर्मासातला चहा ओतून त्यांनाच दिला.

गुरुवारी दुकान बंद केल्यावर मी आत्याची रेकॉर्ड घेऊन गेले. बाबा त्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे अडकले होते, आम्ही दोघीच होतो. नवा पट्टा बसवला, डावा डबा जोडला. आवाजाचं बटण फिरवलं की खरखरत होतं, बाईंनी त्यात काहीतरी फवारलं आणि दहा-वीस वेळा फिरवायला लावलं. मी सुई ठेवली. आधी नुसती बारीक चरचर. मग ठेका, आणि मग तो पुरुष, चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा, तोच, तितकाच ताजा, जसा काही शेजारच्या खोलीतून चालत आला. 'सांग सखे, किती वाजले?' आणि मोकळी जागा. मी खरंच हात मांडीखाली घेतले होते.

बाई ऐकत नव्हत्या. त्या यंत्राच्या तोंडाकडे बघत होत्या. तिथे काचेमागे एक छोटा काटा आवाजाबरोबर वरखाली होत होता. त्याच्या शेजारी तशीच दुसरी छोटी काच होती, पण तिच्यावर जखमेला लावतात ती चिकटपट्टी, पिवळी पडलेली.

"याला काय लागलं होतं?" त्यांनी विचारलं.

मला हसू फुटलं. "ती उजवी बाजू. काकांच्या वाटणीची. आपल्या वाटणीत नाही ते बघायचं कशाला, म्हणून बाबांनी झाकून टाकली."

बाईंनी नखाने चिकटपट्टीचं टोक उचललं आणि ती सोलून काढली. आत दुसरा काटा होता. पुरुष गात होता, डावा काटा नाचत होता, उजवा पडून होता. 'सांग सखे, किती वाजले?' डावा खाली बसला. आणि उजवा उठला. चांगला अर्ध्यापर्यंत उठला, थरथरला, दोन-तीन उड्या मारल्या आणि खाली आला. डब्यातून ठेक्याशिवाय काहीही आलं नव्हतं.

"बाई."

"बघितलं मी."

"तिथे काहीतरी आहे."

"असणारच. ही स्टिरिओ रेकॉर्ड आहे. तुझ्या आजोबांच्या रेकॉर्डींना दोन्ही बाजूंना तेच असायचं. हिच्यात डावीकडे एक, उजवीकडे दुसरं. तेव्हा लोकांना नवं खेळणं मिळालं होतं, गाणाऱ्याला एका कोपऱ्यात बसवायचे आणि गाणारीला दुसऱ्या." त्यांनी डाव्या डब्याची तार हातात घेतली. "ही इकडून काढून तिकडे लावली की झालं. लावू?"

फक्त हो म्हणायचं होतं. एका तारेचं काम. आणि मी म्हणाले, "नको."

का नको म्हणाले ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. ज्या वेळी ऐकायचं होतं त्या वेळी मी टाळ्या वाजवल्या होत्या. आता आत्याच्या आधी ते ऐकायचा मला हक्क नाही, असं काहीसं वाटलं. बाईंनी तार खाली ठेवली.

"पण एक लक्षात घे," त्या म्हणाल्या. "काटा माणसाचा आवाज ओळखत नाही. बासरी असेल, व्हायोलिन असेल. कुणी शिंकलं तरी तो उठतो. म्हातारीला बोलावशील आणि निघेल बासरी."

घरी पोचेपर्यंत माझी सगळी ऐट उतरली होती. बासरी निघाली तर? एकदा सगळ्यांसमोर तिचा आवाज आला नाही, आता दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर येणार नाही, आणि दोन्ही वेळा त्याला मी कारण. तरी परत जाऊन तार लावली नाही. बाबांनाही सांगितलं नाही, फक्त रविवारी सगळ्यांनी जमायचं आहे एवढंच म्हटलं. आत्याला मात्र अंधारात ठेवणं बरं नव्हतं. शुक्रवारी सकाळी तिच्या घरी गेले. ती बॅगेवर बसून चेन लावत होती.

मी सगळं सांगितलं. उजवी बाजू, चिकटपट्टी, काटा.

"काटे हलतातच," ती म्हणाली.

"बासरीही असू शकते. बाई म्हणतात."

"बासरीवाला त्या दिवशी आलाच नव्हता. त्याला ताप होता." हे बोलून गेल्यावर ती थांबली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा ताप तिला आठवत होता. "तू ऐकलंस?"

"नाही."

"का? तुला तर कशाचाच दम निघत नाही."

"तुझ्याआधी नाही ऐकायचं मला."

तिने चेन अर्धी लावली आणि तिथेच सोडून दिली. मग म्हणाली, "किती वाजता येऊ?"

आता प्रश्न उजव्या डब्याचा. तसं बघितलं तर बाईंच्या दुकानात डब्यांना तोटा नव्हता. पण बाई म्हणाल्या, जोडी ती जोडी, आणि मलाही वाटलं की एकदा सगळं जागेवर येऊ दे. काकांच्या दारातच तो होता. वर बुटांचे चार जोड, बाजूला लटकवलेला शूहॉर्न.

"काका, मला हा डबा हवाय. रविवारपर्यंत."

"आणि मी बूट कुठे ठेवू?" काका चौऱ्याहत्तरचे आहेत, विनोद करताना त्यांचा चेहरा अगदी गंभीर असतो, त्यामुळे हा विनोद होता की नाही ते मला अजून कळलेलं नाही. "नेतेस तर ने. पण त्याच दिवशी परत. आणि दादाने हात लावायचा नाही. वाटणी म्हणजे वाटणी."

"तुम्हीच या मग रविवारी अकराला, परत न्यायला."

बाईंच्या टेबलावर डबा उलटा केला तर पाठीवर 'धा' अजून स्पष्ट होतं. मग तोंडावरचं कापड काढलं. आतल्या कागदी शंकूभोवती जी मऊ झालर असते तिचा भुगा झाला होता. बाईंनी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला. त्या मापाची झालर मिळायला आठवडा लागणार होता, आणि आत्याचं विमान सोमवारी होतं.

"पातळ, मऊ, हवा न सोडणारं काहीतरी पाहिजे," बाई म्हणाल्या. "जुने कारागीर हरणाचं कातडं लावायचे."

मी उठले आणि धावत माझ्या दुकानात गेले. काचा पुसायचं मऊ चामडं माझ्याकडे असतं, मेंढीचं, रुमालाएवढे तुकडे. बाईंनी एक तुकडा ओढून बघितला, उजेडात धरला, गालाला लावून बघितला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसल्या. शनिवारचा अख्खा दिवस आम्ही चामड्याच्या पट्ट्या कापून, कडा तासून, शंकूभोवती चिकटवत होतो. संध्याकाळी बाईंनी त्यावर त्यांचा रेडिओ लावून बघितला. बातम्या देणारा माणूस बाईंच्या टेबलावर येऊन बसल्यासारखा वाटला. रेकॉर्डला आम्ही दोघींनी हात लावला नाही.

रविवारी अकराला सगळे आले. मी सेट पुढच्या खोलीत मांडला होता, दोन डबे दोन कोपऱ्यांत. बाबा आपल्या डब्याजवळ बसले, काका आपल्या डब्याजवळ, त्यावर हात ठेवून, जणू कुणी पळवणार होतं. बाई दाराशी उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तर नको म्हणाल्या. आत्याला खुर्ची दिली. ती तिने बाजूला केली आणि गुडघ्यांना शिव्या घालत जमिनीवर बसली, रेकॉर्ड प्लेअरला अगदी खेटून.

"काय आहे एवढं?" बाबा म्हणाले. "टाळ्यांचंच गाणं ना?"

सुई ठेवायला मला दोनदा प्रयत्न करावा लागला. चरचर. ठेका. पुरुष गायला लागला, बाबांच्या बाजूने. मला त्याचा राग आला, एवढा वेळ काय घेतो म्हणून. मी काट्यांकडे बघितलं नाही, आत्याकडेही नाही, मी काकांच्या पायांकडे बघत होते.

'सांग सखे, किती वाजले?'

'आत्ता कुठे उजाडले,' काकांच्या कोपऱ्यातून एक मुलगी गायली.

बारीक, स्वच्छ आवाज. किंचित घाईतला, ठेक्याच्या जरासा पुढे, जसं काही तिला उत्तर कधीचं माहीत होतं आणि प्रश्न संपायची वाट बघवत नव्हती. मी तो आवाज जन्मात ऐकला नव्हता आणि मी तो लगेच ओळखला. आमच्या घरातली सगळी माणसं अशीच बोलतात. काकांनी डब्यावरचा हात चटका बसल्यासारखा उचलला. बाबा पुढे झुकले, कानामागे हात धरला, मग तो हात तसाच राहिला. दुसऱ्यांदा ती गायली तेव्हा मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं. तिसऱ्या वेळी मी आत्याकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. बोट वर होतं.

गाणं संपलं. मी सुई उचलली.

"दुसऱ्या ओळीला घाई केली मी," आत्या म्हणाली. "मास्तर तेव्हाही म्हणाले होते."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी म्हणालो होतो, कापला म्हणून."

"हो, दादा."

"कापला नव्हता."

"नव्हता."

"मी विचारायला पाहिजे होतं कुणाला तरी."

आमच्या घरात असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. आत्याने मान हलवली. "मीही," ती म्हणाली.

काका अजून डब्याकडेच बघत होते. "म्हणजे ही इतकी वर्षं माझ्या वाटणीत होती," ते सावकाश म्हणाले, "आणि मी हिच्यावर बूट ठेवले."

आत्या हसायला लागली. खोकला येईपर्यंत हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि कुणी तिला थांबवलं नाही. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, आत्या, त्या दिवशीच्या टाळ्यांबद्दल मला माफ कर. तिने माझ्या डोक्यावर एक टपली मारली, सहा वर्षांच्या पोरीला मारतात तशी. दाराशी बाई नाक पुसत होत्या आणि तारेकडे बघायचं निमित्त करत होत्या.

"तो डबा आता हलवायचा नाही," बाबा काकांना म्हणाले.

"वाटणी मोडायची, दादा?"

"तुमचं काय ते तुम्ही बघा," आत्या म्हणाली. "रेकॉर्ड माझी आहे. बॅगेतून इस्त्री काढते, तिथे बसेल. पोराला सांगते, असं यंत्र घे. दोन्ही डबे एका घरात ठेवायचे, हेही सांगते." मग डोळे पुसून ती माझ्याकडे वळली. "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. या वेळी सगळे सैल झाले होते. काका पायाने ठेका धरत होते, बाबा त्या पुरुषाबरोबर पुटपुटत होते. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. मी इतकी खूश होते की भान राहिलं नाही. तिसऱ्यांदा त्याने विचारलं, किती वाजले, आणि जुन्या सवयीने माझे दोन्ही हात आपोआप वर गेले.

आत्याने न बघताच माझं मनगट पकडलं.

"थांब," ती म्हणाली. "तिथे मी आहे."